सतरा नंबरचा डबा

पहिल्याच दिवशी चॉकलेट तीन दशांश ग्रॅमनं कमी भरलं.

नाश्त्याच्या टेबलावरच्या कपबशा बाजूला सारून काटेसाहेबांनी आपला नाजूक, सोनाराकडे असतो तसला काटा मांडला होता. एका पारड्यात दहा ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात चांदीच्या कागदातून सोडवलेली काळपट चौकोनी वडी. वजनाचं पारडं जे खाली बसलं ते उठेचना.

"नऊ पूर्णांक सात," काटेसाहेब म्हणाले. नोकरीतली सगळी धार त्यांच्या आवाजात परत आली होती. "डब्यावर छापलंय दहा. ही सरळसरळ फसवणूक आहे."

"अहो, चहा निवतोय," पलीकडून बाई म्हणाल्या. त्यांनी आपली वडी केव्हाच तोंडात टाकली होती आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून त्या पाण्याचा पेला शोधत होत्या.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंतचे तराजू आपोआप सरळ होत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या पत्नीनं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. अर्धं गाव त्यांना 'बाई' म्हणे, आणि कधीतरी न कळत काटेसाहेबही तसंच म्हणायला लागले होते.

चॉकलेटचं प्रकरण घरात आणलं ते बाईंच्याच एका विद्यार्थिनीनं. शाळेत असताना नकाशात नद्या उलट्या वाहवणारी ही मुलगी आता मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर झाली होती आणि आयुष्यातलं पहिलं संशोधन करत होती. एका संध्याकाळी येऊन तिनं दोघांना सगळं नीट समजावून सांगितलं. "कोकोमधल्या काही द्रव्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, असं म्हणतात. म्हणून कडू चॉकलेट हृदयाला चांगलं. पण त्याच्याबरोबर थोडी साखर आणि बरीच चरबीही पोटात जाते ना! मग रक्तदाब खरंच उतरतो का, रक्तातल्या साखरेचं काय होतं, कोलेस्टेरॉलचं काय होतं? पेपरात येतं तितकं ते सोपं नाही. मला मोजून बघायचंय."

त्या 'मोजून'वर काटेसाहेब गारद झाले. त्यांचा रक्तदाब वरच्या अंगाला होता, बाईंची साखर उंबरठ्यावर होती. अभ्यासाला असलीच माणसं हवी होती. दोघांनी लगेच सह्या केल्या. बारा आठवडे, रोज नाश्त्यानंतर एकच वडी. दुसरं गोडधोड नाही. रोज वहीत टीप करायची आणि शेवटी रिकाम्या डब्यासकट सगळे चांदीचे कागद परत द्यायचे. काटेसाहेबांना सतरा नंबरचा डबा मिळाला, बाईंना अठरा. प्रत्येकात चौऱ्याऐंशी वड्या.

त्या तीन दशांश ग्रॅमची तक्रार काटेसाहेबांनी त्याच दिवशी फोनवरून केली.

"काका, तेवढं चालतं हो," डॉक्टर हसून म्हणाली.

"चालत नाही! 'तेवढं चालतं' हेच मी जन्मभर ऐकत आलोय."

फोन ठेवून त्यांनी स्वतःच न्याय केला. डब्यातली अगदी शेवटची, चौऱ्याऐंशीवी वडी काढली आणि ब्लेडनं तिचा कण कापला. पण कण तीन दशांशाचा निघायच्या ऐवजी आठ दशांशाचा निघाला. कापलेलं काही परत जोडता येत नाही. जास्तीचे पाच दशांश पारड्यात पडून राहिले. टाकून देणं काटेसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ते खाल्ले. दुसऱ्या दिवशी पाच दशांश कमी खाऊन फिट्टंफाट करावी म्हणून त्या दिवसाची वडी कापायला घेतली, तर तिचे तीन तुकडे झाले आणि त्यांतला कुठला आजचा आणि कुठला कालचा हे ठरवता ठरवता तिन्ही संपले.

पहिला आठवडा हे निव्वळ कर्तव्य होतं. चव इतकी कडू की काटेसाहेब डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून खात. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळी साडेपाचलाच उठून नाश्त्याची वाट बघतोय. त्या कडूपणाच्या पोटात आणखी काहीतरी होतं, जळक्या लाकडासारखं, पिकल्या फळासारखं, आणि ते जिभेवरून उतरून गेलं की जीव हळहळायचा. मग दुपारी एकदा 'पडताळणी' सुरू झाली. एका वडीचं वजन कमी आहे म्हणजे बाकीच्यांचंही बघायला हवं. खात्याचा नियमच होता तसा, की मालातला दहावा हिस्सा नमुना म्हणून काढायचा. नमुना एकदा सोडला की तो परत गुंडाळून ठेवता येत नाही. आणि पहिल्या नमुन्यावर शंका आली तर दुसरा काढायचा, हाही नियमच.

चोविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी डब्यात हात घातला आणि बोटं तळाला लागली.

त्यांनी डबा उपडा करून झटकला. मग वहीत बघितलं. वहीत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: दिवस चोविसावा, वडी एक. त्यांचे कान तापले. इतकी वर्षं लोकांची खोटी मापं पकडली, आणि आता घरात, स्वतःच्या अक्षरात! ज्या पोरीनं विश्वासानं डबा हातात दिला तिला काय तोंड दाखवायचं? आणि बाईंना? बाईंनी आयुष्यात कधी फळ्यावरचा खडूसुद्धा घरी आणला नव्हता.

ते तडक बाजारात गेले. मुद्दाम लांबच्या दुकानात, पण तिथल्या दुकानदारानं त्यांना पाहताच आधी गल्ल्यावरून उडी मारून तराजू पुसला.

"साहेब! किती वर्षांनी! या, या."

"कडू चॉकलेट आहे का? अगदी काळं?"

"कडू कोण घेतो साहेब? खपत नाही. हे दुधाचं न्या. गोड, मऊ, मुलं अगदी तुटून पडतात." मग त्यानं हळूच विचारलं, "नातवंडांसाठी का?"

"हो," काटेसाहेब म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी अजून लग्नालाच तयार नव्हती.

"बंद पाकीट आहे, तरी मोजून देतो. तुमच्यासमोर."

"नको, नको. विश्वास आहे," असं म्हणून काटेसाहेब पायऱ्या उतरले. दुकानदार पाकीट धरलेला हात तसाच ठेवून बघत राहिला, म्हणून त्यांना ते घ्यायला परत वर यावं लागलं.

त्या दुपारी बाई झोपून उठल्या तेव्हा काटेसाहेब चांदीच्या कागदांना इस्त्री करत होते.

"हे काय आता?"

"परत द्यायचेत ना! चुरगळलेले कसे द्यायचे?"

बाईंनी कौतुकानं मान हलवली. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. काटेसाहेबांनी इस्त्री स्वतःच्या अंगठ्यावर टेकवली, आणि आपण याच लायकीचे आहोत असं त्यांना वाटलं.

दुधाच्या चॉकलेटच्या त्यांनी पट्टी धरून चौकोनी वड्या कापल्या, सपाट केलेल्या कागदांत गुंडाळल्या आणि सतरा नंबरच्या डब्यात रचल्या. त्या स्वतःच खायच्या आणि दिवस काढायचे, असा बेत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तळहाताआड लपवून एक खाल्ली. कडूला सरावलेल्या जिभेला ती लहान मुलांच्या औषधासारखी लागली. पण शिक्षा म्हणून ठीक होती.

सव्विसाव्या दिवशी घोळ झाला. आदल्या संध्याकाळी बाईंनी कपाट पुसलं होतं आणि डब्यांची जागा बदलली होती. नाश्ता झाला. बाईंनी चष्मा न लावताच हाताशी आला तो डबा उघडला, कागद सोडवला आणि वडी तोंडात टाकली. काटेसाहेबांचं लक्ष गेलं तेव्हा टेबलावर सतरा नंबरचं झाकण पडलेलं होतं.

आता बाई म्हणणार, 'हे काय, हे तर गोड आहे!' बाईंनी डोळे मिटले. सावकाश चघळलं. डोळे उघडून खिडकीबाहेर पाहिलं.

"आज ऊन बरं आहे," त्या म्हणाल्या.

काटेसाहेबांनी मुकाट्यानं अठरा नंबरचा डबा पुढे ओढला. आत खरी, काळी, कडू वडी होती. ती जिभेवर विरघळताना त्यांना इतकं बरं वाटलं की स्वतःचीच किळस आली. चूक उद्या सुधारू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा सतराच उचलला. काटेसाहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यात कडू वडी घालून ते मिटलं. तिसऱ्या दिवसापासून तर त्यांनी काही ठरवणंच सोडून दिलं.

मात्र एक गोष्ट त्यांना छळू लागली. सतरा नंबरचा डबा भराभर रिकामा व्हायचा. रविवारी बारा वड्या भराव्यात, तर मंगळवारी चारच शिल्लक. बाई रोज एक खात होत्या, हे ते डोळ्यांनी बघत होते. मग बाकीच्या कोण खातं? 'मीच,' काटेसाहेबांनी निष्कर्ष काढला. 'आता मला खाल्लेलं आठवतसुद्धा नाही. इथवर मजल गेली.' ते घाबरून गुपचूप आणखी पाकिटं आणत राहिले. दुकानदार आता त्यांना दुरून बघूनच विचारी, "किती नातवंडं म्हणायची साहेब?"

सहा आठवडे झाले आणि मधली तपासणी आली. डॉक्टरनं कागद समोर ठेवले. "काका, तुमचा रक्तदाब चांगला उतरलाय. छान!" मग ती बाईंकडे वळली आणि तिचा चेहरा पडला. "बाई, तुमची साखर वाढलीय. पुष्कळच. वजनही दोन किलोनं वाढलंय. तुम्ही दुसरं काही गोड..." तिनं वाक्य अर्धवटच सोडलं. बाईंना हे विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणण्यासारखं होतं.

बाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"नाही, तुम्ही तसं करणार नाही, मला माहीत आहे," डॉक्टर घाईनं म्हणाली. "म्हणजे चॉकलेटचंच असणार. मला हे समितीला कळवावं लागेल. शुक्रवारी बैठक आहे. कदाचित ते सगळ्यांचंच चॉकलेट थांबवायला सांगतील." तिनं हसायचा प्रयत्न केला. "दोन वर्षं गेली या तयारीत. पण लोकांच्या तब्येतीपुढे काय आहे, नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी चहातली साखर सोडली. सकाळी अर्धा तास चालायच्या, त्या दीड तास चालू लागल्या. जेवताना ताटात दोन घास वाढून घेत आणि मान खाली घालून खात. चॉकलेटच्या डब्यांना तर त्यांनी हातही लावला नाही. काटेसाहेब समोर बसून हे बघत होते आणि त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. ही बिचारी स्वतःला बोल लावतेय. हिच्या रक्तात विष कालवलं आपण, आणि लाजतेय ही! गुरुवारी संध्याकाळी बाई पायऱ्या चढताना धापा टाकत थांबल्या, तेव्हा काटेसाहेबांनी खाली उतरून त्यांना हात दिला.

शुक्रवारी सकाळी बाई "जरा वाचनालयात जाऊन येते" म्हणून बाहेर पडल्या. ही संधी साधून काटेसाहेबांनी सतरा नंबरचा डबा, वही आणि उरलेलं पाकीट पिशवीत भरलं आणि हॉस्पिटल गाठलं. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं: 'मी अपराधी आहे, बाईंचा यात काडीचा दोष नाही.' तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बाई बसल्या होत्या.

"तुम्ही इथे कशाला?" बाई दचकून उठल्या.

"तू वाचनालयात गेली होतीस ना?"

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरनं दोघांना आत घेतलं. काटेसाहेब खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"मी अपराधी आहे," ते म्हणाले. "माझा डबा मी चोवीस दिवसांत संपवला. मग त्यात बाजारातलं दुधाचं, साखरेचं चॉकलेट भरलं. डब्यांची अदलाबदल झाली आणि ते हिच्या पोटात गेलं. मला कळलं होतं. तरी मी गप्प बसलो, कारण मला हिचं कडू हवं होतं. बाईंचा यात काडीचा दोष नाही."

डॉक्टरचा हात टेबलावरच्या कागदावर तसाच थांबला. काटेसाहेब मान खाली घालून फटका पडायची वाट बघत होते. पण बोलल्या त्या बाई, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दोष आहे."

"तू मध्ये बोलू नकोस," काटेसाहेब म्हणाले.

"बोलू द्या मला. डबा चुकून उचलला तो फक्त पहिल्या दिवशी. जिभेवर ठेवताक्षणी कळलं की हे वेगळं आहे. मला वाटलं, हॉस्पिटलनं आता दोन प्रकार केले असतील. पुरुषांना गोड, बायकांना कडू." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. "मला ते कडू कधीच गेलं नाही गं. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम यांचा डबा उचलत होते. चष्मा लावला नाही म्हणजे चूक झाल्यासारखं दिसतं. आणि दुपारी हे झोपले की आणखी तीन-चार खायची. वाटायचं, यांना आता कमी पडणार. पण डबा पुन्हा भरलेलाच दिसायचा. मी म्हटलं, हॉस्पिटल किती चांगलं आहे, घरपोच आणून देतं!"

काटेसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे ते मी खात नव्हतो?"

"तुम्ही कशाला खाल? तुम्ही माझं खात होता ना."

डॉक्टरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते. ती रडतेय की काय असं वाटून बाई उठल्या, पण तिनं हात काढले तेव्हा कळलं की ती हसू दाबायची शिकस्त करतेय. मग हसू ओसरलं आणि तिचा चेहरा खरोखरच कडक झाला.

"मी आज समितीसमोर जाऊन सांगणार होते की या चॉकलेटनं साखर वाढते म्हणून. एका तासानं. माझ्या सहीनं." ती थांबली. "बाई, तुमच्या तब्येतीचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

बाईंनी रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"काका, किती ग्रॅम भरलंत तुम्ही डब्यात, एकूण? लिहावं लागेल मला."

काटेसाहेबांनी पिशवीतून वही काढली, उघडली आणि परत मिटली. "मोजलं नाही," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"बाई, परीक्षेत कॉपी करताना मुली सापडल्या की तुम्ही काय करायचात?"

"बाहेर काढायची," बाई पुटपुटल्या.

"मग?"

दोघं निमूटपणे बाहेर जाऊन बाकावर बसले. समोरून जाणाऱ्या एका नर्सनं विचारलं, "नंबर कितवा तुमचा?" तर दोघंही एकदमच म्हणाले, "आम्ही नाही, आम्ही नाही."

अभ्यास थांबला नाही. दोघांची नावं त्यातून वगळली गेली. महिन्याभरात बाईंची साखर पुन्हा उंबरठ्यावर आली. पण डॉक्टर रस्त्यात दिसली की हे जोडपं दुसऱ्या फुटपाथवर जाई. त्यामुळे वर्षभरानं जेव्हा तिच्या हस्ताक्षरातलं निमंत्रण आलं, की अभ्यासाचा निकाल हॉस्पिटलच्या सभागृहात सांगणार आहे आणि बाई-काकांनी यायलाच हवं, तेव्हा दोघांनी तो कागद चार वेळा एकमेकांच्या हातात दिला. शेवटी गेले, आणि अगदी मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसले.

डॉक्टर छान बोलली. कडू चॉकलेटनं रक्तदाब किंचित उतरला, पण फारसा नाही. साखरेत आणि कोलेस्टेरॉलमध्ये सांगण्यासारखा फरक दिसला नाही. औषध म्हणून कुणी खाऊ नये, आवड म्हणून खायचं तर थोडंच खावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावर एक तक्ता आला: सुरुवातीला नव्वद जण, शेवटी अठ्ठ्याऐंशी.

पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध डॉक्टरांनी हात वर केला. "हे दोघे कुठे गेले?"

बाईंनी त्यांच्या कोटाची बाही पकडली. व्यासपीठावर डॉक्टर क्षणभर घुटमळली. तिची नजर सभागृहावरून फिरत खांबापाशी आली आणि तिथून चटकन वळली.

"एक जोडपं होतं," ती म्हणाली. "दुर्दैवानं, मध्येच आपल्याला त्यांना मुकावं लागलं."

सभागृहात हळहळ उमटली. काटेसाहेबांच्या शेजारी बसलेल्या एका आजींनी त्यांच्याकडे झुकून हळूच विचारलं, "दोघंही गेले? एकदमच?"

"एकदमच," काटेसाहेब म्हणाले.

"अरेरे. हृदयाचं काही होतं का हो?"

काटेसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई खाली जमिनीकडे बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"छे हो," काटेसाहेब म्हणाले. "हृदय ठणठणीत होतं दोघांचंही. शरमेनं गेले."